'हो' एकदाच म्हणायचे असते का?

मे २०१९मध्ये नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातून एक बातमी निघाली आणि दोन दिवसांत देशभर पोहोचली. आंतरजातीय प्रेमविवाह केलेली एकोणीस वर्षांची मुलगी माहेरच्या घरात पेटवली गेली होती. पुण्याच्या ससून रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. नवराही भाजलेला होता. सासरा आणि सासरच्या नातेवाइकांनी पेट्रोल ओतून आम्हा दोघांना पेटवले, असे त्याने सांगितले. वाहिन्यांनी लगेच या घटनेला 'ऑनर किलिंग' म्हटले, निषेधाची पत्रके निघाली, मुलीच्या नातेवाइकांना अटकही झाली.

लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नव्हते. याच जिल्ह्यात जानेवारी २०१३मध्ये सोनईला आंतरजातीय प्रेमाच्या रागातून तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. एप्रिल २०१४मध्ये खर्ड्याला शाळेत शिकणाऱ्या दलित मुलाला अशाच संशयावरून मारले गेले. नगर जिल्ह्याने ही दोन्ही गावे अजून विसरलेली नाहीत. पण पारनेरचा तपास पुढे सरकला तसा त्याचा रोख फिरला. भांडण झाल्यामुळे मुलगी माहेरी आली होती, नवरा मागोमाग तिथे पोहोचला आणि त्यानेच तिला पेटवले, असे पोलिसांनी सांगितले. घरात त्या वेळी तिची लहान भावंडे होती. त्यांचे म्हणणे तपासात महत्त्वाचे ठरले.

त्यानंतर बातमी आतल्या पानावर गेली आणि निषेधाची पत्रके थांबली. दोन्ही वेळा मुलगी तीच होती, मरणही तेच होते. मग पहिल्या आठवड्यात आग म्हणून पेटलेला संताप दुसऱ्या आठवड्यात कुठे गेला? बापाने जाळले तर तो समाजाचा प्रश्न आणि नवऱ्याने जाळले तर ते त्यांचे घरगुती भांडण, हा फरक आपण कोणत्या आधारावर करतो?

आधार आहे, आणि तो जुना आहे. लग्नाबद्दल आपल्याकडे सगळा वाद एकाच गोष्टीवर होतो: निवड कोणी केली? आईबापांनी की मुलामुलीने? दोन्ही बाजू त्वेषाने भांडतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत असते. निवड एकदाच होते आणि नंतर ती निभवायची असते. ठरवून झालेल्या लग्नात मार खाणाऱ्या मुलीला सांगितले जाते, आम्ही पाहून-सवरून दिलं, आता जरा सांभाळून घे. पळून जाऊन लग्न केलेलीला ऐकवले जाते, तू निवडलास ना, मग भोग आता. शब्द वेगळे असले तरी निकाल एकच. तेव्हा खरा धार्मिक आणि तात्त्विक प्रश्न निवडीच्या आधीचा नाही, नंतरचा आहे. एकदा दिलेला होकार परत घेता येतो का? येत नसेल, तर त्याला होकार म्हणावे का?

धर्मशास्त्राने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेले नाही, आणि जे दिले आहे त्यात एकवाक्यताही नाही. मनुस्मृतीची भूमिका अशी, की कन्या एकदाच दिली जाते. दान दिलेली वस्तू दात्याने परत मागायची नसते आणि वस्तूचे मत तर विचारायचेच नसते. त्याच ग्रंथात स्त्रियांना वस्त्रालंकारांनी आणि अन्नाने मान द्यावा असा उपदेश आहे. तो लग्नपत्रिकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे सांगितला जातो. मात्र बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा भाऊ चुकले तर त्यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावे, हेही त्यातच लिहिले आहे, आणि ते भाषणात कोणी सांगत नाही. मान आणि मार एकाच हातातून येतात. ज्याच्या हाती मान देणे आहे त्याच्याच हाती तो काढून घेणेही असते, म्हणून नुसत्या मानाने बाई सुरक्षित होत नाही.

कौटिल्याचे अर्थशास्त्र या बाबतीत जास्त मोकळे आहे. विवाहाचे आठ प्रकार तेही सांगते. ब्राह्म, दैव, आर्ष आणि प्राजापत्य हे पहिले चार बापाच्या संमतीने होणारे, म्हणून धर्म्य. गांधर्व, आसुर, राक्षस आणि पैशाच हे उरलेले. दोघांना एकमेकांचा द्वेष वाटू लागला तर सुटका मिळावी असे कौटिल्य म्हणतो, आणि लगेच जोडतो की धर्म्य विवाहात सुटका नाही. म्हणजे दोघांनी आपल्या मनाने केलेल्या गांधर्व विवाहाला दार आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने झालेल्या विवाहाला ते नाही. प्रतिष्ठेची किंमत इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ग्रंथांनी लिहून ठेवली असेल.

तरीही त्याच ग्रंथात कोणता नवरा टाकण्याजोगा याची एक छोटी यादी येते. दुराचारी, परदेशी निघून गेलेला, राजद्रोही, पतित, नपुंसक, आणि बायकोच्या जिवावर उठलेला. हा शेवटचा उल्लेख मोलाचा आहे. बायकोला मारण्याची मुभाही कौटिल्य देतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कांबीने, दोरीने किंवा हाताने, पाठीवर, तीन फटके. त्यापुढे गेला तर नवऱ्याला दंड. आजच्या वाचकाला ती मर्यादा किळसवाणी वाटेल, आणि वाटायलाच हवी. पण विवाह हा अतूट संस्कार आहे आणि त्यातून बाहेर पडणे हे पाश्चात्त्य खूळ आहे, असे सांगणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी. जिवावर उठलेल्या नवऱ्याला सोडण्याची कल्पना इथल्याच मातीतली आहे.

मग ती विसरली कशी गेली? त्याचे एक उत्तर संत बहिणाबाईंच्या चरित्रात सापडते.

नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका लागतो. तिथल्या शिऊरच्या या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या. जन्म साधारण १६२८चा. तीन वर्षांच्या असताना तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. पुढे कुटुंब देशोधडीला लागले आणि फिरत फिरत कोल्हापूरला पोहोचले. तिथे कीर्तन करणाऱ्या जयरामस्वामींनी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवला. नवऱ्याने तिला वेणीला धरून घरी नेले आणि बेदम मारले. आईवडील त्याच घरात होते. पुढे तुकोबांना स्वप्नात गुरू मानल्यावर त्याचा राग आणखी वाढला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करायचे, हे त्याला सहन होईना. ती गरोदर असताना त्याने तिला टाकून निघून जायचे ठरवले.

हे सगळे कोणा चरित्रकाराने रचलेले नाही. बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. मराठीत एका बाईने आपल्याला झालेल्या मारहाणीबद्दल प्रथमपुरुषी शब्दांत, लाज न धरता लिहिल्याचा हा अगदी सुरुवातीचा दाखला. त्या लिहितात तेव्हा त्यांच्यापुढचा पेच आपल्याला स्पष्ट दिसतो. एकीकडे विठ्ठल आणि तुकोबा, दुसरीकडे शास्त्राने देव ठरवलेला नवरा. नवऱ्यावाचून देव कसा मिळेल, असे त्या एका क्षणी स्वतःला बजावतात आणि पतिसेवेचा निश्चय करतात. पण तुकोबांचे नाव सोडत नाहीत. पुढे नवरा आजारी पडतो, वरमतो, आणि कुटुंब देहूला जाते.

कीर्तनांतून ही गोष्ट बहुधा सोशिकपणाचा विजय म्हणून सांगितली जाते: तिने सोसले, म्हणून तो सुधारला. हा अर्थ बहिणाबाईंवर अन्याय करणारा आहे. तो बदलला त्याच्या आजारपणात, स्वतःच्या मरणाच्या भीतीने. तिच्या सोसण्याने तो बदलायचा असता, तर कितीतरी आधी बदलला असता. आणि त्याला जो खटकत होता, तो गुरू निवडण्याचा हक्क तिने मार खाऊनही सोडला नाही. तिच्या आयुष्यातला धर्म शोधायचा तर तो इथे शोधायला हवा. कोल्हापुरात त्या मारहाणीनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १९१९मध्ये, शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला.

बहिणाबाईंना निवडीची संधी मिळाली नाही. लक्ष्मीबाई टिळकांना ती मिळाली, आणि तीही नगर जिल्ह्यात. १८८०मध्ये, अकराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न लावून दिले गेले. टिळकांचा संताप, न सांगता निघून जाणे, घरात पैसा न टिकू देणे हे सारे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाई परत आल्या, पण नवऱ्याच्या धर्मात लगेच गेल्या नाहीत. वेगळी चूल, वेगळे पाणी, आपले सोवळे अशा स्वतःच्या अटींवर त्या नगर-राहुरीकडे राहिल्या. सोवळ्याचा फोलपणा त्यांना त्यांच्या वेगाने उमगला आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अकराव्या वर्षी त्यांच्या वतीने इतरांनी दिलेला होकार त्यांनी तिशी ओलांडल्यावर स्वतः तपासला आणि मग स्वतः दिला. टिळकांचा संसार त्यानंतर खरा सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही. न जाण्याचीही मुभा होती, म्हणून त्या जाण्याला किंमत आली.

सगळ्यांनाच ती मुभा मिळत नव्हती. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा मार्च १८८७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. तुरुंगाची तरतूद गेली, पण वैवाहिक सहवास पुन्हा सुरू करण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण म्हणून त्या कायद्यात आले ते १९७६मध्ये.

इतर धर्मांची स्थिती कागदावर वेगळी, घरात फारशी वेगळी नाही. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे, त्यात मुलीचा होकार लागतो, 'खुला' म्हणजे स्वतःहून फारकत मागण्याचा हक्क आहे, १९३९च्या कायद्याने क्रूरतेवरून विवाह मोडता येतो. तरी खुला मागणाऱ्या बाईला बहुतेक वेळा मेहरवर पाणी सोडावे लागते. ख्रिस्ती पत्नीला २००१पर्यंत कायद्याच्या मजकुराप्रमाणे नुसती मारहाण सिद्ध करून घटस्फोट मिळत नव्हता, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. संस्कार म्हणा, करार म्हणा, नाहीतर देवाने जोडलेली गाठ म्हणा. बाईने निघायचे म्हटले की तिन्हीकडे दार जड होते.

ते जड होण्यात धर्माचा वाटा आहे, तसाच पैशाचाही आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दर दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रक ऊसतोडीला निघतात. तिथे मजूर मोजायचे एकक माणूस नसते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, आणि ती घेतो नवरा. एकटा आला तर तो अर्धा कोयता. एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. जोडीशिवाय उचल नाही म्हणून मुलांची लग्ने लवकर उरकली जातात. आता अशा मुलीने नवरा मारतो म्हणून हंगामाच्या मध्यात माहेरची वाट धरली, तर तिने एक लग्न तर मोडलेच, शिवाय एक कोयता मोडला आणि एक कर्जही उघडे पाडले. ती उचल फेडायची कोणी, हा प्रश्न तिच्या पाठीवरच्या वळांच्या आधी विचारला जातो. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवणाऱ्या या जिल्ह्याने कोयत्याचे हे गणित बदलायला हवे. उचल आणि मजुरी बाईच्या नावावर, तिच्या खात्यात वेगळी जमा झाली, तर तिच्या सहमतीला पहिल्यांदा बळ येईल. हा धर्मचिंतनाचा विषय नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आजवर दानाचा विचार केला, देण्याघेण्याचा केला नाही.

निघून आलेल्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न नगर जिल्ह्यानेच आधी जोरात विचारला. संगमनेरमध्ये १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली. अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या 'टाकलेल्या' बायकांना एकत्र आणले. विधवा नाहीत, सवाष्ण म्हणून मान नाही, माहेरी भावाच्या संसारात ओझे आणि सरकारी कागदावर नवऱ्याचेच नाव. त्यांच्यासाठी पोटगी, निवारा, रेशन कार्ड अशा साध्या मागण्या घेऊन ही चळवळ उभी राहिली. शिवूरकरांनी पुढे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिले. त्या चळवळीने लग्नसंस्थेवर हल्ला केला असा आरोप तेव्हा झाला. खरे तर लग्नाच्या बाहेर बाईला उभे राहायला जागा हवी, एवढेच तिचे म्हणणे होते. ती जागा असेल तरच आतले राहणे तिच्या मर्जीचे ठरते.

आता वसईच्या तरुणीची गोष्ट. घरच्यांचा विरोध पत्करून ती वेगळ्या धर्माच्या मित्राबरोबर राहत होती. नोव्हेंबर २०२०मध्ये तिने तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली: तो मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. पुढच्याच महिन्यात तिने तक्रार मागे घेतली. मे २०२२मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि आरोप त्याच जोडीदारावर आहे. बातमी उघड झाल्यावर महिनाभरात, १३ डिसेंबर २०२२ रोजी, महाराष्ट्र सरकारने एक समिती नेमली, आंतरधर्मीय आणि आंतरजातीय विवाहांची माहिती ठेवण्यासाठी. दोन दिवसांत त्यातला आंतरजातीय शब्द काढावा लागला. त्या मुलीने लिहून दिलेल्या कागदात धर्म नव्हता, मारहाण होती. तक्रार मागे घेणाऱ्या बाईकडे पोलिसाने पुन्हा कधी जावे, तिला कोणते चार प्रश्न विचारावेत, यासाठी समिती नेमली असती तर ती तिच्या कामाची ठरली असती.

असे प्रश्न तयार आहेत. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात जोडीदाराकडून जिवाला किती धोका आहे हे ओळखण्याची प्रश्नावली बनवली. त्याने कधी गळा दाबला का? जिवे मारीन म्हणाला का? सतत पाळत ठेवतो का? तुम्ही नुकतेच त्याला सोडून निघालात का? शेवटचा प्रश्न फार गंभीर. हिंसा हा नुसता संतापाचा झटका असता, तर बायको दूर गेल्यावर तो थंडावला असता. पण तिचा गाभा ताबा हा असतो, म्हणून ती निघाली की धोका वाढतो. पारनेरची मुलगीही भांडणानंतर माहेरी आलेली होती. 'दोन दिवस माहेरी राहू दे, मग समजूत काढून पाठवू' असे म्हणणाऱ्या पंचांनी आणि मामा-काकांनी हे लक्षात ठेवावे, की ते दोन दिवसच फार जोखमीचे असतात.

आणि अशा घरात बोलतात तरी किती जणी? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. नवऱ्याने मारण्याची काही कारणे योग्य असतात असे मानणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के, पुरुष ४४ टक्के. कारणे अशी: न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांचा आकडा कमी नाही, यावरून कोणी बायकांना दोष देऊ नये. बहिणाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीलाही पाच-सहा वर्षांची झाल्यापासून जे ऐकवले गेले, तेच अजून ऐकवले जाते आहे.

लग्न ठरवताना प्रश्न विचारायचे नसतात, हेही खरे नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा नियम केला. सुरुवातीला अनेकांना ते अघोरी वाटले असेल, पण मुलीच्या जिवासाठी मुलाच्या रक्ताची चौकशी करता येते, हे एका गावाने करून दाखवले. मग त्याच बैठकीत, सुपारी फुटण्याआधी, आणखी काही का विचारू नये? या घरात वडील आईवर हात उगारतात का? मुलाचे आधी लग्न झाले असेल तर ते का मोडले? मुलीचा पगार कोणाच्या खात्यात जाईल? पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपेक्षा या तीन उत्तरांतून मुलाची जास्त ओळख पटते. प्रेमविवाह करणाऱ्यांनीही हेच एकमेकांना विचारावे. प्रेम आहे म्हणून हात उठणार नाही, ही समजूत पारनेरने आणि वसईने पुरती खोटी ठरवली आहे.

विधीतही जागा आहे. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या त्या विधीत वधू स्त्रीच्या हक्कांचा सवाल वराला सर्वांसमोर करते आणि वराला उत्तर द्यावे लागते. नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' कित्येक वर्षे निघत होते, म्हणजे सत्यशोधकांचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. वधू बोलते आणि वर बांधला जातो, हा त्या विधीचा प्राण आहे. दानात मुलगी मुकी असते. नेवाशापासून जामखेडपर्यंत आज जितके मांडव पडतात, त्यांतल्या काहींत तरी हा सवाल पुन्हा विचारला जावा.

पण विधीहून मोठी गोष्ट आईबापांच्या हातात आहे. पाठवणीच्या वेळी मुलीला सांगा, आणि जावई ऐकत असताना सांगा: तिथे हात उगारला गेला तर त्याच दिवशी ये, कारण विचारणार नाही, परत पाठवणार नाही. मुलगी तुमच्या मर्जीविरुद्ध गेली असेल, तर तिला हे सांगण्याची गरज जास्त आहे, कारण तिला वाटते की ते दार आपणच बंद केले. आणि ती आली तर एकटीला पोलिसांत पाठवू नका, सोबत जा. २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा विवाहितेला लागू आहे आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी हीही त्यात हिंसा आहे. घर तिच्या नावावर नसले तरी त्या घरात राहण्याचा हक्क तिला सतराव्या कलमाने मिळतो. अर्ज लिहून द्यायला संरक्षण अधिकारी आहे, उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, आणि १८१ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न लागता, फोन करता येतो.